ज्वालामुखी, तळं आणि जास्वंदीचं पाणी

नववीच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "बाई, ज्वालामुखी फुटला की तळ्याचं ॲसिड होतं ना?" हो म्हणून मी मोकळी होत नाही. घरी ओट्यावर करून बघा, म्हणते.

लाल जास्वंदीची चार-पाच फुलं घ्या (कालची, कोमेजलेली चालतात), पाकळ्या कपभर उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून गाळा. हा आपला दर्शक: आम्लात गुलाबी-लाल, आम्लारीत हिरवट. आता दोन काचेचे ग्लास. एकात अर्धा कप आरओचं पाणी, दुसऱ्यात तेवढंच बोअरिंगचं. दोन्हीत चमचाभर दर्शक. मग ड्रॉपरने लिंबाचा रस, एकेक थेंब, ढवळत आणि मोजत. घाई केलीत की प्रयोग गेला. आमच्याकडे आरओचं पाणी दुसऱ्याच थेंबाला गुलाबी झालं. बोअरिंगच्या पाण्याने चौदा थेंब पचवले.

पचवले ते बायकार्बोनेटने, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या, आम्ल शोषून घेणाऱ्या क्षाराने. ज्वालामुखीच्या राखेच्या कणांवर सल्फ्युरिक, हायड्रोक्लोरिक आम्लं आणि क्षार यांचा पातळ थर असतो. राख पाण्यात पडली की तो धुऊन निघतो. मोठ्या, जड (बोअरिंगसारख्या) पाण्याच्या तळ्याला त्याचं फारसं काही वाटत नाही. लहान, मृदू (आरओसारख्या) पाण्याच्या डोंगरतळ्याचा सामू (pH; जितका कमी, तितकं पाणी आम्लधर्मी) मात्र घसरतो. आणि तळं विवरातच असेल तर? इंडोनेशियातल्या कावा इजेनमध्ये खालून सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइड येतच राहतात. बोअरिंगच्या ग्लासात अख्खं लिंबू पिळा, म्हणजे कळेल: बायकार्बोनेट संपून जातं. कावा इजेनचा सामू ०.५ च्याही खाली आहे. ते पाणी खडकातलं ॲल्युमिनियम आणि लोह विरघळवून घेतं. दिसायला फिरोजी, देखणं. हात घालायचा नाही.

माझा आवडता प्रयोग मात्र घाणेरडा आहे. १८ मे १९८० ला अमेरिकेत माउंट सेंट हेलेन्स फुटला, तेव्हा कोसळलेल्या डोंगराचा मलबा स्पिरिट लेकमध्ये घुसला आणि हजारो झाडं पाण्यात आली. पाणी तापलं होतंच. तिथे आम्लापेक्षा जास्त घात केला तो कुजण्याने. काचेच्या बरणीत निर्माल्य, मूठभर माती आणि काठोकाठ पाणी घाला. झाकण नुसतं टेकवा, फिरवू नका. आत वायू तयार होतो. चार दिवस उन्हात. जिवाणू पालापाचोळा खाता खाता पाण्यातला ऑक्सिजन संपवतात; तो संपला की मातीतलं लोह आणि मँगनीज पाण्यात उतरायला लागतं, कुजक्या अंड्यांसारखा वास सुटतो. मी पहिल्यांदा बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली होती. सासूबाईंनी ती कुठे टाकली, अजून सांगितलेलं नाही. तुम्ही गच्चीवर ठेवा.

"मग बाई, लोणारचं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. लोणारचं विवर अशनीच्या आघाताचं. ज्वालामुखीचा आहे तो तिथला बेसाल्ट खडक. पाणी उलट आम्लारीधर्मी, सामू १० च्या आसपास. चिमूटभर धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून दर्शक घाला, हिरवा येईल. थोड्या वेळाने पिवळा पडतो, म्हणून फोटो लगेच काढा.