‘आत गेलं, कशावरून?’ : जिवाणूंच्या सुईवर काम करू पाहणाऱ्यांसाठी

एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या सेमिस्टरमधली मुलंमुली मला हमखास विचारतात, “ताई, टाइप थ्री सिक्रीशनवर (काही जिवाणू सुईसारख्या यंत्रणेतून आपली प्रोटीनं दुसऱ्या पेशीत सोडतात, त्यावर) पीएचडी करायची आहे, काय वाचू?” कारण विचारलं तर उत्तर एकच: ते चित्र. साल्मोनेला या जिवाणूच्या दोन्ही पटलांत रुतलेला पाया आणि त्यातून बाहेर आलेली पोकळ सुई. १९९८ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचं ते चित्र छापून आलं. मीही त्याच नादाने इकडे वळले. रोजच्या कामात मात्र चित्रापेक्षा एका प्रश्नाशी जास्त गाठ पडते. आमचे सर दर लॅब मीटिंगला तो विचारायचे: “प्रोटीन पेशीत गेलं, कशावरून?”

आधी एक गोंधळ दूर करा. प्रत्येक जिवाणू सुई वापरत नाही. कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कॉलराच्या जिवाणूंचं कल्चर गाळून, फक्त गाळलेला द्रव सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडला आणि आतडं फुगलं. म्हणजे विष जिवाणूपासून सुटून फिरतं, पेशीला चिकटतं आणि स्वतःच आत शिरतं. साल्मोनेला, शिगेला किंवा प्लेगचा यर्सिनिया यांची गोष्ट वेगळी. त्यांना पेशीला टेकावंच लागतं, कारण त्यांची प्रोटीनं थेट आत टोचली जातात. नुसता गाळलेला द्रव पेशींवर घातला तर ती बहुतेक बाहेरच राहतात. इंटरव्ह्यूत हा फरक सांगता आला की समोरच्यांचा चेहरा बदलतो, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

सुईच्या आतली वाट जेमतेम दोन-अडीच नॅनोमीटर रुंद. घडी घातलेलं प्रोटीन त्यातून मावतच नाही. स्वेटर उसवून लोकर ओढावी तसं ते उलगडून जातं आणि पलीकडे पुन्हा घडी घालून कामाला लागतं.

आणि काम म्हणजे नेहमी पेशी मारणं नव्हे. ‘विष’ ऐकून आलेल्यांची इथे थोडी निराशा होते. मला मात्र सगळ्यात जास्त आवडतो तो साल्मोनेलाच्या सोप-ई आणि एसपीटी-पी या जोडीचा किस्सा. सोप-ई पेशीतल्या रॅक आणि सीडीसी-४२ या प्रोटीनांना चालू करतं. त्याने पेशीच्या आतल्या सांगाड्याची, म्हणजे ॲक्टिनची, उलथापालथ होते, पेशीच्या पृष्ठभागावर झालरी उठतात आणि जिवाणू आत ओढला जातो. एसपीटी-पी नेमकं उलटं करतं, त्याच प्रोटीनांना बंद करतं. दोघं एकाच सुईतून, साधारण एकाच वेळी आत जातात. मग एकमेकांचं काम बिघडत कसं नाही? सोप-ईला पेशीची स्वतःची कचराव्यवस्था, म्हणजे प्रोटिअसोम, लवकर संपवते. एसपीटी-पी जास्त टिकतं. आधी दार उघडतं, मग पेशी पूर्ववत दिसू लागते. या जोडीवरचे पेपर वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, की या विषयात आयुष्य घालवायला हरकत नाही.

आता सरांचा प्रश्न. १९९४ मध्ये यर्सिनियावर वापरलेली एक युक्ती आजही चालते. डांग्या खोकल्याच्या जिवाणूचं एक एन्झाइम आपल्या प्रोटीनला जोडायचं. ते एन्झाइम सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू बनवतं, पण सोबत कॅल्मोड्युलिन हे पेशीतलं प्रोटीन असेल तरच, आणि जिवाणूत कॅल्मोड्युलिन नसतं. त्यामुळे सायक्लिक एएमपी वाढला, तर प्रोटीन पेशीत पोहोचलं असं समजायचं. पण अख्खा जिवाणूच आत शिरला आणि तिथे फुटला तर? म्हणून कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे बदललेले जिवाणू, लागतात. सुईच्या यंत्रणेतलं इन्व्ह-ए हे प्रोटीन नसलेला स्ट्रेन (वाण) सुईतून काहीच बाहेर सोडत नाही. सिप-बी हे प्रोटीन नसलेला स्ट्रेन प्रोटीन बाहेर सोडतो, पण पेशीत टोचू शकत नाही. हे दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय तुमच्या आलेखाला कोणी विचारणार नाही. नवीन मुलं या दुसऱ्या कंट्रोलला कंटाळतात. मला तर खरी माहिती त्यातूनच मिळते.

जिवाणूंचे नखरेही सांभाळावे लागतात. साल्मोनेलाची पेशीत घुसण्याची यंत्रणा जास्त मीठ आणि कमी ऑक्सिजन असलेल्या कल्चरमध्ये चांगली चालू होते. रात्रभर जोरात हलवलेल्या फ्लास्कमधले जिवाणू तसेच घातले, तर प्रयोग थंड पडतो. यर्सिनिया ३७ अंशांवर, माध्यमातलं कॅल्शियम काढून घेतलं की प्रोटीनं बाहेर सोडायला लागतो आणि त्याच वेळी त्याची वाढ खुंटते. आत शिरलेले जिवाणू मोजायचे तर जेंटामायसिन घालून बाहेरचे मारतात, कारण हे औषध पेशीत फारसं जात नाही. ज्यांच्यावर हे प्रयोग होतात त्या हेला पेशी (लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या पेशी) मात्र दिवाळीची सुट्टी मानत नाहीत. त्यांना वेळेवर नव्या फ्लास्कमध्ये हलवणारा माणूस आधीच ठरवून ठेवा.

प्रवेशासाठी सीएसआयआर-यूजीसी नेट, गेट आणि बंगळुरूच्या एनसीबीएस-टीआयएफआर या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत जायचं असेल तर जेजीबिल्स ही प्रवेश परीक्षा, हे मार्ग आहेत. बंगळुरूच्या आयआयएससीत साल्मोनेलावर बरंच काम झालं आहे. कुठेही अर्ज करताना गाइडच्या नावापेक्षा दोन गोष्टींची चौकशी आधी करा: तिथे बीएसएल-२ ची (रोगकारक जिवाणू हाताळण्यासाठीच्या सुरक्षित लॅबची) सोय आहे का, आणि पेशी वाढवायची खोली जिवाणूंच्या खोलीपासून वेगळी आहे का. दुसऱ्याचं उत्तर तिथल्या विद्यार्थ्यांना विचारा. ते खरं सांगतात, विशेषतः कॅन्टीनमध्ये.