दोन भाषांमधले शब्द पक्के कसे करावेत आणि अडलेले कसे सोडवावेत

दोन भाषा येणाऱ्याच्या डोक्यात एक भाषा बंद करून दुसरी लावायचं बटण नसतं. दोन्ही कायम जाग्या असतात. स्पायव्ही आणि मरियन यांनी १९९९ मध्ये नजरेचा माग घेऊन हे दाखवलं. रशियन आणि इंग्रजी येणाऱ्यांना रशियनमध्ये पोस्टाचं तिकीट, म्हणजे ‘मार्का’, हलवायला सांगितलं की त्यांची नजर शेजारी ठेवलेल्या मार्करकडेही जायची, कारण इंग्रजी शब्दाची सुरुवात तशीच. म्हणून बोलताना नको त्या भाषेतला शब्द दाबून धरावा लागतो. डेव्हिड ग्रीन यांनी १९९८ मध्ये मांडलेलं निरोधनाचं प्रारूप याच क्रियेबद्दल आहे. दाबलेला शब्द मात्र हवा तेव्हा लगेच वर येत नाही. त्यामुळे नवा शब्द अर्थाला घट्ट बांधावा आणि शब्दांमध्ये विनाकारण चढाओढ लावू नये.

यादी करताना

एका बैठकीला दहा-बारा शब्द पुरेत. सगळे रंग, सगळी फळं, सगळी नाती अशी गटवार यादी करू नका. पाठ्यपुस्तकं नेमकं हेच करतात आणि इथेच गोंधळ सुरू होतो. टिंकम यांच्या १९९३ च्या प्रयोगांत अर्थाने जवळचे नवे शब्द एकत्र शिकणं जास्त जड गेलं. ‘डावा’ आणि ‘उजवा’साठीचे दोन नवे शब्द एकाच दिवशी घेतले, तर दोन्ही पाठ होतात, पण कुठला कुठला ते आठवत नाही. एक आज घ्या, तो न अडखळता यायला लागला की चार-पाच दिवसांनी दुसरा.

कार्ड करताना

प्रत्येक नव्या शब्दाचं एक छोटं कार्ड करा. पुढच्या बाजूला भाषांतर लिहू नका, प्रसंग लिहा. ‘रिलक्टंट’ हा शब्द घ्या. पुढे ‘नाखूश’ लिहिलं तर मराठीतले दोन्ही अर्थ, नाराज आणि अनिच्छुक, त्याला चिकटतात आणि नाराज झालेला माणूस स्वतःला रिलक्टंट म्हणवतो. त्याऐवजी लिहा: ‘जायचं मनात नाही, पण स्पष्ट नकारही देत नाही.’ मागे शब्द आणि एक छोटं वाक्य. वस्तूंची नावं असतील तर चित्र उत्तम.

सराव अर्थाकडून नव्या शब्दाकडे करा. क्रोल आणि स्टुअर्ट यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की मातृभाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना माणूस अर्थावरून जातो, तर उलट दिशेला शब्दावरून शब्दावर उडी मारता येते. ही उडी सोपी असते आणि म्हणूनच फसवी. वाचताना शब्द कळतो, बोलताना तोच येत नाही, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा सराव उलट्या दिशेने झालेला असतो.

कार्ड उलटण्याआधी दहा सेकंद थांबा आणि उत्तर मोठ्याने बोला. पुन्हा पुन्हा वाचलं की शब्द ओळखीचा वाटतो, पण टिकतो तो स्वतः आठवून काढलेला. रोएडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने मात्र आठवून सराव केलेले पुढे गेले. उजळणीचे टप्पे असे ठेवा: दहा मिनिटांनी, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने. चुकलेलं कार्ड पहिल्या टप्प्यावर परत.

सारखे दिसणारे शब्द

‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘खाली’ हिंदीत रिकामा. इथे रूप एकच, त्यामुळे दोन्ही अर्थ एकदम उठतात. अशा शब्दांचा वेगळा गठ्ठा करा आणि प्रत्येक कार्डावर दोन पूर्ण वाक्यं लिहा, दोन्ही भाषांतली. नुसता शब्द आणि समोर अर्थ असं लिहून काम भागत नाही, कारण कुठला अर्थ दाबायचा हे आजूबाजूचं वाक्यच सांगतं.

भाषा बदलण्याची किंमत मोजा

कागदावर १ ते ९ मधले ४० अंक वाटेल त्या क्रमाने लिहा. एकच अंक लागोपाठ नको. अशा तीन याद्या करा. पहिली पूर्ण मराठीत मोठ्याने वाचा, दुसरी पूर्ण इंग्रजीत. तिसरीत २० अंक लाल आणि २० निळे: लाल मराठीत, निळे इंग्रजीत. मोबाइलवर वेळ लावा आणि आवाज रेकॉर्ड करा. समजा मराठीला २४ सेकंद लागले, इंग्रजीला २० आणि मिश्र यादीला ३४. पहिल्या दोनांची सरासरी २२, फरक १२ सेकंद. ४० ने भागा, म्हणजे दर अंकामागे ०.३ सेकंद. हीच भाषा बदलण्याची किंमत.

दोन चुका नेहमी होतात. लाल-निळं आलटून पालटून लावलं, तर पुढचा रंग आधीच कळतो आणि फरक आटतो. आणि रंगाचा नियम अंगवळणी न पडता मोजलं, तर भाषेऐवजी नियम आठवण्याचा वेळ मोजला जातो. आधी दहा अंकांची रंगीत तालीम करा.

आता रेकॉर्डिंग ऐका आणि कुठल्या भाषेत येताना जास्त अडखळता ते पाहा. म्यूटर आणि ऑलपोर्ट यांना १९९९ मध्ये आढळलं, की सराईत भाषेत परत येताना जास्त वेळ जातो. कच्ची भाषा बोलताना सराईत भाषा जोरात दाबावी लागते, आणि तो दाब उतरायला वेळ लागतो. अंकांच्या बाबतीत तुमची सराईत भाषा मातृभाषाच असेल असं नाही; गणित इंग्रजीत शिकला असाल तर निकाल उलटा येऊ शकतो. दोन्ही भाषा तोडीस तोड असतील तर फरक दोन्ही बाजूंना सारखा दिसतो.

सरावात याचा उपयोग असा: नवे शब्द असताना वीस मिनिटं एकाच भाषेत राहा, मध्ये डोकावू नका. ते बसले की मिश्र सराव करा, कारण प्रत्यक्ष बोलताना भाषा न विचारताच बदलते.

मातृभाषेतला शब्द अडला तर

परभाषेत बराच काळ राहिल्यावर हे होतं आणि त्यात भाषा विसरल्याची खूण शोधू नये. लिंक, क्रोल आणि संडरमन यांनी २००९ मध्ये परदेशी भाषेच्या वातावरणात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना पाहिलं. त्यांना स्वतःच्याच भाषेतले शब्द कमी सुचत होते. अडला की चुकीचा शब्द पुन्हा पुन्हा घोळवू नका, त्यानेच वाट अडते. अर्थ फिरवून सांगा: ती वस्तू कशाला लागते, कुठे ठेवतात, कोण वापरतं. अर्ध्या मिनिटात आला नाही तर विचारून किंवा शब्दकोशात पाहून घ्या आणि लगेच एका वाक्यात वापरा. ताटकळत राहण्याने जीभ अडण्याचीच सवय लागते.

आठवणीलाही भाषेचा रंग असतो. मरियन आणि नाइसर यांच्या २००० च्या अभ्यासात रशियनमध्ये विचारल्यावर लोकांना रशियनमध्ये जगलेले प्रसंग जास्त आठवले. म्हणून इंग्रजीत वाचलेला विषय मराठीत शिकवायचा असेल, तर शेवटच्या दोन उजळण्या पुस्तक मिटून मराठीतच बोलून करा.