कॉम्प्युटर तापून बंद पडला, आता चालूच होत नाही? या चुका टाळा

मे महिन्यात ग्वाल्हेरला पारा ४५ च्या आसपास गेला, की मला नातेवाइकांचे फोन सुरू होतात. गेल्या उन्हाळ्यात ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातून आत्याचा आला. "अरे, सीपीयू तापून बंद पडलाय, आता चालूच होत नाही. आतोबांनी उघडून ठेवलाय." पहिल्या वाक्याचं मला काही वाटलं नाही. दुसऱ्याने पोटात गोळा आला.

माझा अनुभव असा, की उष्णतेने मशीन जेवढं बिघडतं, त्याहून जास्त आपल्या दुरुस्तीने बिघडतं. (आपल्याकडे अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतात. गोंधळ नको म्हणून पुढे डब्याला कॅबिनेट आणि आतल्या मुख्य चिपला प्रोसेसर म्हणतो.)

दोन तक्रारी एकच समजू नका

चालू होऊन काही सेकंदांत किंवा मिनिटांत बंद पडणं ही उष्णतेची तक्रार. प्रोसेसर साधारण १०० अंशांच्या घरात गेला की आधी आपला वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर मशीन बंद करून टाकतो. तो स्वतःला वाचवतोय, मेलेला नाही. अर्धा तास थंड होऊ दिलं तर असं मशीन बहुतेक वेळा पुन्हा उठतं.

अर्ध्या तासानंतरही दिवा लागत नाही, पंखा हलत नाही, तर उष्णतेच्या मागे लागू नका. ती विजेच्या वाटेची तक्रार आहे. आणि पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच, तर रॅम, मॉनिटरची केबल किंवा प्रोसेसरची पॉवर वायर बघा.

तापून बंद पडलेलं मशीन बटण दाबून दाबून उठवण्याचा प्रयत्न मात्र करू नका. हीटसिंक (प्रोसेसरवर बसवलेला, त्याची उष्णता ओढून घेणारा पात्यांचा धातूचा ठोकळा) सैल असेल तर प्रत्येक वेळी प्रोसेसर काही सेकंदांत पुन्हा तापतो.

कुलरसमोर कॅबिनेट

ही खास आपल्याकडची चूक. खिडकीत कुलर, त्याच्या झोतात कॉम्प्युटर, म्हणजे दोघांनाही गार वारा! पण कुलरची हवा दमट, आणि आंध्या, म्हणजे धुळीची वादळं, सुरू झाल्या की घरात धूळ. दोन्ही मिळून हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखा थर बसतो. वरून पंखा भणभण फिरतो, खाली हवा पोचतच नाही. आतोबा म्हणत होते, "पंखा तर फिरतोय, मग तापेल कशाला?" त्याचं कारण हे.

दुसरा शत्रू म्हणजे कॉम्प्युटर टेबलातला तो लाकडी कप्पा, मागून प्लायने बंद. कॅबिनेटने बाहेर टाकलेली गरम हवा तीच पुन्हा आत घेतली जाते. हीटसिंक प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली २५ ऐवजी ४० अंशांवर असेल, तर प्रोसेसरही साधारण तेवढाच वर सरकतो. बाजूचं झाकण काढून टेबल फॅन लावणं तपासणीपुरतं ठीक. अख्खा उन्हाळा तसं ठेवलंत तर धूळ दुप्पट.

साफ करताना

प्लग काढा, मग पॉवर बटण १०-१५ सेकंद दाबून धरा, म्हणजे मदरबोर्डावर (सगळे भाग जोडलेल्या आतल्या मुख्य पाटीवर) उरलेली वीज निघून जाते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा. हवेच्या झोताने तो भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग जातं. व्हॅक्युम क्लीनरची नळी बोर्डाजवळ नेऊ नका, स्थिर विजेची भीती असते. साधा मऊ ब्रश पुरतो. आणि एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज उरलेली असू शकते.

हीटसिंक: इथे सगळ्यात जास्त चुका

काढण्याआधी त्याची गरज आहे का ते बघा. मशीन चालू होत असेल तर सुरुवातीला डिलीट किंवा एफ२ दाबून बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) जा आणि तापमान वाचा. ४०-६० असेल तर हीटसिंकला हात लावू नका. बघता बघता आकडा ९० कडे चढत असेल, तर पंखा बंद आहे किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही.

मशीन काही मिनिटं चालत असेल तर चालवून मग बंद करा, प्लग काढा, आणि पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकमधला उष्णता वाहून नेणारा लेप) कोमट असतानाच हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. सरळ वर ओढू नका. एएमडीच्या एएम ४ पर्यंतच्या प्रोसेसरला पिना खालून असतात, आणि वाळलेल्या पेस्टमुळे सॉकेटचं (बोर्डावरच्या त्याच्या खाचेचं) कुलूप लावलेलं असतानाही प्रोसेसर त्यातून उपटून येतो. वाकलेल्या पिना सरळ करणं भरतकामाहून अवघड. इंटेलच्या आजच्या प्रोसेसरला पिना नसतात, त्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, म्हणून तिथे बोट नको.

जुनी पेस्ट पुसून टाका, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून. हीटसिंक एकदा उचलला की पेस्ट नवीच हवी, मटारच्या दाण्याएवढी. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही.

इंटेलच्या सोबत येणाऱ्या हीटसिंकची चार काळी बटणं अनेकांना फसवतात. त्यांच्यावरचा बाण काढायची दिशा दाखवतो, बसवायची नाही. बसवताना बटणं बाणाच्या उलट फिरवलेली असावीत, मग तिरकी समोरासमोरची दोन-दोन दाबा, टक् असा आवाज येईपर्यंत. चारही हलवून बघा. शेवटी पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवरच लावा.

दिवाच लागत नसेल तर

एक्स्टेंशन बोर्ड, यूपीएस, एसएमपीएसच्या मागचं बटण. हसू नका, मी स्वतः एकदा यात तासभर घालवला आहे. मग २४ पिनांची मोठी वायर आणि प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनांची वायर काढून पुन्हा घट्ट बसवा. बटणच खराब असू शकतं: मदरबोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडून बघा. बोर्डावरचा सीआर २०३२ सेल ३ व्होल्टचा असतो. घड्याळ, तारीख सारखी चुकत असेल तर बदला. एवढ्यानेही दिवा नाही, तर दुसरा चालू एसएमपीएस लावून पाहणं हीच खरी परीक्षा. बोर्डावर फुगलेले कपॅसिटर दिसले, तर दुकानदाराकडे न्या.

आत्याच्या मशीनमध्ये मूळ दोष धुळीचा होता. आतोबांच्या हाताने हीटसिंकचं एक बटण अर्धवट बसलं आणि प्रोसेसरची ४ पिनांची वायर लावायची राहिली. वायर लावली, बटण दाबलं, पेस्ट नवी टाकली, तासाभरात बायॉस ५० च्या आत दाखवू लागला. मग सुताराला बोलावून टेबलाच्या मागचा प्लाय काढवून घेतला. आत्याला ते अजून पटलेलं नाही, कारण आता मागच्या सगळ्या वायरी बैठकीतून दिसतात.