कामगार वस्तीत पाळकसेवा करायची असेल तर

सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शिक्षणसंस्थेत, जायच्या विचारात असलेली मुलंमुली मला विचारतात, कामगारांमध्ये सेवा करायची तर शिकावं कुठे? मी पाळक आहे, आणि माझी मंडळी, म्हणजे माझ्या चर्चचे लोक, पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यातले. कारखान्यांतले ऑपरेटर आणि हेल्पर, घरकाम करणाऱ्या बाया, नगर-जालन्याकडून पोटासाठी आलेली कुटुंबं. म्हणून हे चार शब्द.

बी.डी.साठी, म्हणजे पाळकांच्या धर्मशास्त्राच्या पदवीसाठी, सेरामपूर सिनेट या धर्मशास्त्राच्या विद्यापीठाशी संलग्न कॉलेज बघा. पदवीनंतर साधारण चार वर्षं लागतात. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, १९८३ साली यवतमाळहून आलेली. मदुराईची तामिळनाडू थिऑलॉजिकल सेमिनरी विद्यार्थ्यांना आवाराबाहेर, गरीब वस्तीत राहायला पाठवण्यासाठी ओळखली जाते, आणि मला ती पद्धत फार मोलाची वाटते. बायबलच्या मूळ भाषांना, ग्रीक-हिब्रूला, घाबरू नका, अभ्यासाने येतं. कॉलेज कुठलंही असो, फील्डवर्क, म्हणजे शिकताना एखाद्या मंडळीत करायचं काम, मात्र डोळसपणे निवडा. शहरातल्या मोठ्या चर्चचं संडेस्कूल सहज मिळतं. तुम्ही हट्टाने एमआयडीसीजवळची मंडळी मागून घ्या.

तिथे पहिली गोष्ट शिकायची ती शिफ्ट. पिंपरी-भोसरीत बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेच्या वेळापत्रकातून पडलेली ही रीत. म्हणजे रविवारी सकाळी तुम्ही उपदेशाला उभे राहता तेव्हा अर्धी मंडळी मशीनवर असते. त्यांना 'विश्वासात थंड' म्हणणारे लोक मी पाहिलेत आणि मला ते सहन होत नाही. आम्ही गुरुवारी संध्याकाळी दुसरी उपासना सुरू केली, प्रभुभोजनासह. सेकंड शिफ्टवाल्यांच्या घरी भेट द्यायची ती सकाळी दहाच्या सुमारास. नाइट करून आलेल्याच्या दारावर दुपारी टकटक करू नये, तो झोपलेला असतो.

दुसरं म्हणजे पगाराची स्लिप वाचता आली पाहिजे. एका संध्याकाळी मंडळीतल्या एका भावाने प्रार्थनेसाठी म्हणून बोलावलं आणि घडी घातलेली स्लिप पुढे केली. पीएफचे १२ टक्के दर महिन्याला कापलेले दिसत होते. त्याच्या यूएएन, म्हणजे पीएफ खात्याच्या, नंबरवरून पासबुक उघडलं, तर कंत्राटदाराने कित्येक महिने खात्यात काहीच भरलेलं नव्हतं. बायको बाळंतपणाला आलेली, आणि ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्डही काढलेलं नाही. आधी प्रार्थना केली, मग पीएफ कार्यालयाकडे करायच्या तक्रारीचा मसुदा लिहायला बसलो. अडवलेली मजुरी ओरडते, असं याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे; त्या घरात ते वचन कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

मजूर अड्ड्यावरच्या लोकांबरोबर मत्तयाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय वाचा. द्राक्षमळ्याच्या मालकाने शेवटच्या तासाला आलेल्यांनाही पूर्ण दिवसाची मजुरी दिली, यावर सेमिनरीच्या वर्गात आमच्या देवाच्या कृपेविषयी लांबलचक चर्चा झाल्या होत्या. नाक्यावरच्या एका मावशी म्हणाल्या, "पास्टर, उशिरा काम मिळालं म्हणून घरी पीठ कमी लागत नाही ना." इतकं नेमकं भाष्य मी कुठल्या टीकाग्रंथात वाचलेलं नाही.

ही वाट नवी नाही. जाक लव हे डॉमिनिकन संघाचे कॅथलिक धर्मगुरू १९४१ मध्ये फ्रान्समधल्या मार्से बंदराच्या गोदीत हमालीला लागले. फ्रान्समध्ये त्यांच्यासारखे कामगार-धर्मगुरू वाढले, काही जण युनियनमध्ये गेले. १९५४ मध्ये रोमच्या कॅथलिक धर्मपीठाने त्यांना आवर घातला आणि १९६५ मध्ये पुन्हा परवानगी दिली. आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी मुंबईच्या कामगार वस्तीत नागपाडा नेबरहूड हाउस चालवलं, आणि १९३६ साली त्यातूनच समाजकार्य शिकवणारी संस्था उभी राहिली, जी आज टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस (टिस) म्हणून ओळखली जाते. मराठी मंडळ्यांमधल्या तरुणांना हे माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं.

जमलं तर अर्ज करण्याआधी काही महिने कंत्राटी हेल्पर म्हणून काम करा. प्रेषित पौल तंबू शिवत होता, तुम्ही पॅकिंग लाइनला उभे राहा. ओव्हरटाइम, सुपरवायझरची भाषा, ब्रेक मिळाल्यावर बायबल उघडण्याइतकंही न उरलेलं त्राण, हे सगळं अंगावर घेतलं की उपदेशाचा सूर बदलतो.

मानधनाचंही स्पष्ट बोलतो. कामगार मंडळी मनापासून देते, पण कंपनी बंद पडली की दानपेटीही रिकामी होते. मुलांच्या फीचं आणि भाड्याचं काय करायचं, हे घरच्यांशी, लग्न ठरत असेल तर समोरच्या कुटुंबाशीही, सेमिनरीला जाण्याआधीच बोलून घ्या.