ऑटिझम असलेल्या मुलांचे दात: या चुका टाळा

लहान मुलांचे दात बघणं हे माझं रोजचं काम. ऑटिझम असलेली मुलं माझ्याकडे बरीच येतात आणि बहुतेक वेळा उशिराच येतात. दाढेला मोठा खड्डा, हिरडीवर पुवाची पुळी, कधी गाल सुजलेला. आईवडील बेफिकीर असतात असं अजिबात नाही. स्पीच थेरपी, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), शाळा, रात्रीची जागरणं या सगळ्या ओढाताणीत दातांचा नंबर शेवटी लागतो. पण त्याच त्याच चुका दर आठवड्याला दिसतात, म्हणून एकदाच नीट लिहून काढते आहे.

ऑटिझममुळे दात जास्त किडतात असं नाही. दात इतर मुलांसारखेच असतात आणि कीडही तीच. अडचण अशी की ब्रश नीट होत नाही, खाणं ठरावीक चार पदार्थांचं असतं, आणि दुखलं तर सांगता येत नाही.

दुखणं ‘बिहेवियर’मध्ये जमा करणं

ही चूक मला सगळ्यांत जास्त छळते. नऊ वर्षांचा एक मुलगा, न बोलणारा. उजव्या गालावर स्वतःच बुक्क्या मारायला लागला. आवडीची ज्वारीची भाकरी टाकून फक्त दहीभात खायचा, तोही डाव्या बाजूने. रात्री दचकून उठायचा. घरच्यांनी, थेरपीवाल्यांनी, सगळ्यांनी ठरवलं की बिहेवियर वाढलंय. थेरपीचे तास वाढले. बुक्की मारली की हात धरून ठेवायचे. औषधाचा डोस वाढवायचीही चर्चा झाली. असे काही महिने गेले. शेवटी जेवणानंतर तोंड पुसताना आजीला वास आला, तेव्हा ते माझ्याकडे आले.

खालची उजवी दाढ निम्मी खचलेली होती आणि मुळाशी गळू होतं. दुधाची नव्हे, सहाव्या वर्षी आलेली कायमची दाढ. भूल देऊन ती काढावी लागली. हिरडी भरून यायच्या आत बुक्क्या थांबल्या, पुढे भाकरीही सुरू झाली. जिथे दुखत होतं नेमक्या त्याच जागी तो मुलगा इतके दिवस मारून दाखवत होता, आणि त्याचेच हात धरून ठेवले जात होते. हे आठवलं की मला अजून राग येतो.

म्हणून माझं सांगणं एकच असतं. वागणं अचानक बदललं, खाणं सुटलं, एकाच बाजूने चावणं सुरू झालं, डोकं आपटणं किंवा सारखा हात तोंडात घालणं वाढलं, तर आधी तोंड बघा. मग कान, मग पोट. वागण्याचा विचार त्यानंतर. मी पालकांना रविवारची सवय लावते: मोबाइलचा टॉर्च लावायचा, ओठ वर करायचा, गाल बाजूला घ्यायचा आणि दोन्हीकडच्या दाढांचे फोटो काढायचे. हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा दिसला तर ती किडीची सुरुवात. तेव्हाच आलात तर ड्रिलचं कामच पडत नाही.

‘दुधाचेच दात आहेत, पडतीलच’

पुढचे पडतात सहा-सात वर्षांत. दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात, आणि किडल्या की तितक्याच ठणकतात. शिवाय सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ कुठलाही दात न पडता सगळ्यांच्या मागे उगवते. तिला दुधाचीच समजून सोडून देतात. ती वर आली की तिच्या खाचा सीलंटने, म्हणजे दातावर लावायच्या पातळ लेपाने, बुजवून घ्या. टोचणं नाही, ड्रिल नाही.

ब्रशची झटापट

एक जण हात धरणार, दुसरा तोंडात ब्रश घालणार. हे करून लोक मला सांगतात की रोज ब्रश होतो. होत नाही. दाढांपर्यंत ब्रश पोचतच नाही, आणि मूल बाथरूमचं दार बघूनच रडायला लागतं.

या मुलांपैकी अनेकांना तोंडाच्या आतला स्पर्श सहन होत नाही. पुदिन्याची पेस्ट जिभेला झोंबते, फेसाने गुदमरल्यासारखं होतं. तेव्हा सुरुवात पेस्टशिवाय करा. ओला मऊ ब्रश आधी हाताला, मग गालाला, मग ओठांना लावायचा. ते जमलं की पुढच्या दातांवर, मोठ्याने पाचपर्यंत आकडे म्हणत. आणि पाच म्हटलं की थांबायचं. मूल शांत असलं तरी थांबायचं. अधीर पालक नेमके इथे चुकतात. मूल आज ऐकतंय असं दिसलं की पाचाचे पंधरा करतात, आणि दुसऱ्या दिवशी तोंड घट्ट मिटलेलं असतं. त्या मुलाला तुमच्या आकड्यावर भरवसा हवा असतो. आठवड्याभराने पाचाचे सहा करा. दाढांपर्यंत पोचायला दोन महिने लागले तर लागू द्या. आठ दिवसांत ब्रश शिकवण्याच्या युक्त्या मोबाइलवर फिरतात, त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

उभं कसं राहायचं हेही महत्त्वाचं. समोरून ब्रश घेऊन गेलं तर मूल मागे सरकतं. आरशासमोर त्याच्या मागे उभं राहा, डोकं आपल्या छातीला टेकवू द्या. लहान असेल तर डोकं मांडीवर घ्या. जागा, वेळ, गाणं रोज तेच ठेवा. त्याच्याच ब्रशचे, त्याच्याच बेसिनचे फोटो क्रमाने भिंतीवर लावा. तीन बाजूंनी केस असलेला ब्रश मिळाला तर जरूर घ्या, कमी वेळात तिन्ही बाजू निघतात. दोन्ही वेळा जमत नसेल तर रात्रीचा सोडू नका.

पेस्ट कमी फेसाची, पुदिना नसलेली चालेल, पण फ्लोराइड नसलेली नको. ट्यूबवर फ्लोराइडचं प्रमाण 1000 पीपीएम लिहिलंय का ते बघून घ्या. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी. चूळ भरता येत नाही म्हणून पेस्ट बंद करू नका, जास्तीची ओल्या कपड्याने टिपून घ्या. नैसर्गिक म्हणून फ्लोराइडशिवायची पेस्ट घेणाऱ्यांशी मी रोज वाद घालते आणि घालत राहीन.

थेरपीतला खाऊ

काम केलं की एक रंगीत चॉकलेटची गोळी, पुन्हा केलं की चिप्सचा तुकडा. तासाभरात किती वेळा, ते मोजून बघा. गोड किंवा पिठूळ घास खाल्ला की पुढचा अर्धा तास तोंडात आम्ल राहतं. दर पाच मिनिटांनी घास म्हणजे दातांना उसंतच नाही. थेरपिस्टशी स्पष्ट बोला: बक्षीस म्हणून फुगे, झोका, फिरणारं खेळणं चालतं का? खाऊच लागत असेल तर पनीरचा किंवा चीजचा छोटा तुकडा.

बाकीच्या चुका, थोडक्यात

फिट्सचं गोड सिरप रात्री ब्रशनंतर पाजणं. आधी औषध, मग ब्रश.

घास गालात धरून झोपणं. झोपवण्याआधी गालात बोट फिरवून बघा.

ठणकत्या दाढेला लवंगाचं तेल लावणं. लहान मुलांत नकोच, हिरडी भाजते.

‘गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील.’ असं म्हणून आणलेल्या मुलाची तपासणी निम्मी वायाच जाते.

दुखल्यावरच पहिल्यांदा येणं

पहिला वाढदिवस ही पहिल्या भेटीची वेळ. ती गेली असेल तर आता या, पण काही दुखत नसताना. पहिल्या खेपेला नुसतं खुर्चीत बसणं, दुसऱ्या खेपेला आरसा बघणं. असं केलेली मुलं पुढे तपासू देतात.

कीड असेल आणि मूल बसत नसेल तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे औषध चांगला पर्याय आहे. ब्रशने लावतात आणि कीड थांबते, डाग मात्र काळा पडतो. काळ्या रंगासाठी नाही म्हणणारे पालक असतात. चौघांनी दाबून धरून फिलिंग करण्यापेक्षा काळा डाग मला हजारदा मान्य आहे. बरंच काम असेल तर इस्पितळात पूर्ण भूल देऊन एकाच दिवशी करता येतं. अनुभवी भूलतज्ज्ञ असेल तर घाबरू नका. पण घरचा ब्रश आणि खाऊ तसाच राहिला तर दोन वर्षांत पुन्हा तेच टेबल.

नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘निरामय’ योजनेत ऑटिझम असलेल्यांना 1 लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा कवच मिळतं, त्यात प्रतिबंधक दंतोपचारही धरले आहेत. कार्ड आधीच काढून ठेवा. अपॉइंटमेंट घेताना सकाळची पहिली वेळ मागा आणि फोनवरच सांगून ठेवा: कोणता आवाज सहन होत नाही, फिट्स येतात का, औषधं कोणती चालू आहेत, आणि ‘आ कर’ म्हणायला घरी कोणता शब्द वापरता.