लॅपटॉपची बॅटरी घरी बदलताय? स्क्रूंचं तेवढं सांभाळा

चार्जर काढला की अर्ध्या तासात लॅपटॉप मान टाकतो म्हणून लगेच नवीन बॅटरी मागवू नका, आधी जुनीत किती दम उरलाय ते बघा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, मग स्पेस, स्लॅश आणि त्याला चिकटून बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाईप करून एंटर मारा, एक फाईल बनते आणि ती कुठे सेव्ह झाली तेही तिथंच दिसतं. त्यात डिझाईन कपॅसिटी (नवी असताना बॅटरीत किती मावायचं) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता किती मावतं) असे दोन आकडे असतात. पहिला 50,000 आणि दुसरा 20,000 वर आलाय म्हणजे बॅटरी संपत आलीये. दोन्ही जवळजवळ सारखे असतील तर मात्र बॅटरीचा दोष नाही, मागे कुठला प्रोग्रॅम चार्जिंग खातोय ते शोधा.

टचपॅड वर उचलला गेलाय किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय तर बॅटरी फुगलीये समजा. चार्जर लावणं बंद करा, दाबून बसवायला जाऊ नका. फुगलेली आणि वर गोंदाने चिकटवलेली असेल तर स्पष्ट सांगतो, स्वतः करू नका, रिपेअरवाल्याकडे द्या.

मागवताना सगळे गंडतात ते इथे: लॅपटॉपच्या मॉडेल नंबरवर जाऊ नका, एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारच्या बॅटऱ्या येतात. आधी मागचं कव्हर उघडून (कसं ते पुढे सांगतो) बॅटरीवरच्या लेबलचा फोटो काढा आणि तिचा पार्ट नंबर जुळवा. 11.4 व्होल्टच्या जागी 15.2 ची अजिबात चालत नाही. आणि नुसत्या मोठ्या एमएएचला (लेबलवरचा क्षमतेचा आकडा) भुलू नका, व्होल्ट गुणिले एमएएच भागिले 1000 केलं की वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत एकूण किती ऊर्जा मावते ते निघतं, म्हणजे 11.4 व्होल्ट आणि 3600 एमएएचचे साधारण 41. लिस्टिंगमधला हिशोब असा जुळत नसेल तर ती बॅटरी सोडून द्या.

आता उघडायचं. चार्जिंग 25 टक्क्यांच्या खाली आणा, शिफ्ट दाबून धरून शट डाऊन करा म्हणजे पूर्ण बंद होतो, आणि चार्जर काढा. बहुतेक लॅपटॉपना छोटा फिलिप्स (अधिकच्या चिन्हासारख्या टोकाचा) स्क्रूड्रायव्हर लागतो, काहींना टॉर्क्स टी5 (सहा टोकांच्या चांदणीचा), मॅकबुकच्या मागच्या कव्हरला पेंटालोब (पाच पाकळ्यांचा). सगळे स्क्रू काढूनही कव्हर हलत नसेल तर जोर लावू नका, रबरी पायांखाली एखादा लपलेला असतो. स्क्रू मात्र वाटीत एकत्र टाकू नका! कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढा आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टेपने चिकटवा. मी पहिल्यांदा हे केलं नाही, मागचा लांब स्क्रू पुढच्या छोट्या भोकात पिळला, आणि कीबोर्डखाली जिथे मनगट टेकतं तिथे फोडासारखा उंचवटा आला तो आजही आहे. कव्हर सोडवायला गिटारचं पिक किंवा जुनं प्लास्टिकचं कार्ड घ्या, टकटक आवाज करत क्लिपा सुटतात, त्याला घाबरू नका.

आत गेल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर, बाकी कशाला हात लावायचा नाही. नीट बघा, काहींवर तारेची कडी असते ती आधी मागे पाडायची, काहींवर पातळ पट्टी असते ती सरकवायची, आणि काही नुसते सॉकेटमध्ये बसलेले असतात ते दोन्ही कडांना नखं लावून थोडं डावीकडून थोडं उजवीकडून असं हळूहळू सरकवत काढायचे. वायर धरून ओढली तर मदरबोर्डवरचं सॉकेटच उपटून येऊ शकतं, मग बॅटरीचं काम राहिलं बाजूला. कनेक्टर निघाला की पॉवर बटण 10-15 सेकंद दाबून धरा, मग बॅटरीचे स्क्रू काढा. बॅटरी सुटत नसेल तर लोखंडी काही खुपसू नका, सेलला भोक पडलं तर आग लागू शकते.

नवीन बॅटरी आधी नीट बसवा, तिचे स्क्रू लावा आणि कनेक्टर शेवटी. कव्हर नुसतं ठेवून, दोन स्क्रूंवर लॅपटॉप चालू करून बघा, सगळे पिळल्यावर कनेक्टर सैल निघाला की फार चीड येते. घड्याळ मागे गेलं असेल तर वेळ सेट करा, आणि एकदा 100 टक्के चार्ज करून रिपोर्ट परत काढा, दोन्ही आकडे जवळजवळ आले पाहिजेत.

जुन्या बॅटरीच्या कनेक्टरवर टेप लावून ती ई-वेस्टला द्या, कचऱ्याच्या डब्यात नको.