नोकरीत असताना मृत्यू झाला, तर कुटुंब निवृत्तिवेतनाची फाईल कशी हलवायची?

महाराष्ट्र शासनाचा कर्मचारी नोकरीत असताना गेला की तेराव्यानंतर घरी सल्लागारांची रीघ लागते. ‘आधी कोर्टातून वारस दाखला काढा’ हा त्यातला सगळ्यात महागडा सल्ला. आस्थापना शाखेत अशा फायली करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून स्पष्ट सांगतो. वाद नसेल तर कोर्टाची पायरी चढू नका. 1982च्या निवृत्तिवेतन नियमांतल्या नियम 116नुसार कुटुंब निवृत्तिवेतनावर पहिला हक्क पत्नीचा किंवा पतीचा. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, नामनिर्देशनाप्रमाणे, म्हणजे नॉमिनेशनप्रमाणे मिळतं. ते नसलं तर कुटुंबातल्या पात्र माणसांत समान वाटे होतात. तरीही कुणी दाखला मागितलाच, तर ‘कोणत्या नियमाखाली, ते लेखी द्या’ म्हणा. बहुतेकदा मागणी तिथेच विरते.

मृत्यू दाखल्याच्या आठ-दहा प्रती, फोटो, पासबुक तुम्ही जमवालच.

अर्ज भरण्याआधी कार्यालयातलं सेवापुस्तक, म्हणजे नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, बघा. उपदान, भविष्य निर्वाह निधी, गट विमा यांची नामनिर्देशनं वेगवेगळी असतात. एकावर पत्नीचं नाव आणि दुसऱ्यावर लग्नाआधी लिहिलेलं आईचं, असं सर्रास सापडतं. सासू-सुनेनं हे फाईल निघण्याआधी घरात बसून मिटवावं. टेबलावर वाद आला की पैसे अडकलेच.

खरा घोळ नावांचा. सेवापुस्तकातल्या कुटुंबाच्या तपशिलात निळ्या शाईनं ‘सौ. कमलाबाई’, आधारवर नुसती ‘कमल’, बँकेत माहेरचं आडनाव. आपल्याला माणूस एकच दिसतो, तपासणाऱ्याला तीन. मग फाईल त्रुटी लागून परत येते, एका वेळी एकच त्रुटी काढून. इथे लोक राजपत्रात नाव बदलायला धावतात. घाई करू नका! राजपत्रामुळे नवं नाव मिळतं, पण जुनी दोन नावं एकाच बाईची होती हे त्यानं सिद्ध होत नाही. त्यासाठी सगळी नावं जशीच्या तशी लिहून ‘या नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र करा आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडा. मगच आधार, पॅन, बँक एका नावावर आणा, आणि अर्जात तेच नाव लिहा. मुलांच्या जन्मतारखाही शाळेच्या दाखल्याशी पडताळून घ्या.

सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडून तपासून आलंय का, हेही विचारा. तिथे जादा वेतन निघालं तर वसुली उपदानातून होते. फाईल रेंगाळणार असं दिसलं तर तात्पुरत्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज लगेच द्या. कार्यालय ते आपणहून सुचवेल, या भरवशावर राहू नका.

नेमणूक 1 नोव्हेंबर 2005 किंवा त्यानंतरची असेल, तर 31 मार्च 2023चा शासन निर्णय वाचा. एनपीएसवाल्यांच्या, म्हणजे राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीतल्या कर्मचाऱ्यांच्या, कुटुंबालाही आता कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यु उपदान मिळतं. कुटुंब निवृत्तिवेतन घ्यायचं की एनपीएसची रक्कम, या विकल्पाचं कार्यालयात विचारल्याशिवाय ती रक्कम काढायच्या कागदावर सही करू नका.

पुढे फाईल महालेखापालांकडे, म्हणजे निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश काढणाऱ्या कार्यालयाकडे जाते, मुंबईला किंवा विदर्भ-मराठवाड्याची असेल तर नागपूरला. आदेश आला की कोषागारात ओळख पटवायची. शिल्लक अर्जित रजेचे पैसे, जास्तीत जास्त 300 दिवसांचे, कार्यालयच देतं. तो अर्ज वेगळा. अनुकंपा नोकरीचाही वेगळा, आणि त्याला मुदत असते. निवृत्तिवेतन सुरू झालं की दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा.